पडदा सरकला त्या आठवड्यातला फोटो

माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकत होता ते सगळे दिवस मी कॅमेरा पुसत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहायला बसण्याचं कारण तेच आहे. कुणाला डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके तरंगताना दिसत असतील आणि तो माणूस 'बघू सोमवारी' म्हणत असेल, तर त्यानं हे नंतर वाचलं तरी चालेल. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं.

मी एकोणपन्नास वर्षांची. पंचवटीतल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. शाळा दुपारची असते, म्हणून सकाळचा वेळ माझा. मुलगी ऋतुजा पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचा जुना कॅमेरा घरी ठेवून गेली. घर एकदम रिकामं वाटायला लागलं म्हणून मी तो हातात घेतला. नवरा, दिलीप, सातपूरच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीचं काम बघतात. मी त्यांना अहो म्हणते, पण लिहिताना दिलीप लिहिणं सोपं जातं.

आमचा फोटोंचा एक ग्रुप आहे, पंचवीसेक माणसांचा, सगळे हौशी. दर सोमवारी सकाळी पाटणकर सर एक विषय देतात. सर पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले, शिस्तीचे. रविवारी संध्याकाळी सातच्या आत त्या विषयावर एकच फोटो पाठवायचा, आणि तो त्याच आठवड्यात काढलेला हवा. गुढीपाडव्याला फेरी सुरू होते, बावन्न आठवडे चालते. एक आठवडा चुकला की साखळी तुटली. बक्षीस वगैरे काही नाही. आदल्या वर्षी मी एकोणिसाव्या आठवड्यात तापानं आडवी झाले आणि बाद झाले. या वर्षी चाळीस झाले होते, एकही चुकला नव्हता. चाळीस हा आकडा माझ्या डोक्यात किती बसला होता ते आता लिहिताना लाज वाटते.

कुंपण

जानेवारीतला एकेचाळिसावा आठवडा. विषय होता कुंपण. मंगळवारी सकाळी मी स्कूटीवर दिंडोरी रोडला गेले. थंडीनं बोटं आखडली होती. एका द्राक्षबागेच्या कडेनं काटेरी तार होती, तारेवर दव होतं आणि मागून ऊन येत होतं. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर समोर काळे ठिपके. तीन-चार मोठे, बाकी बारीक, मिरपूड उडवल्यासारखे. लेन्सवर धूळ असेल म्हणून पुसली. ठिपके तसेच. दुसरी लेन्स लावली. तसेच. मी वैतागून परत आले आणि फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले. सगळे स्वच्छ. एकातही ठिपका नाही.

एवढ्यावरून कुणालाही कळायला हवं होतं. पण कॅमेऱ्याच्या आतल्या आरशावर धूळ बसली तर ती बघताना दिसते, फोटोत येत नाही, असं मी कुठेतरी वाचलं होतं. अर्धवट वाचलेलं फार घात करतं. बुधवारी मी मेनरोडजवळच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यानं दोनदा डोळा लावून बघितलं आणि म्हणाला, "ताई, मला तर काहीच दिसत नाही. एकदम क्लीन आहे." मला त्याचाच राग आला. नीट बघत नाहीत, कामाला आळशी, असं घरी येऊन दिलीपना सांगितलं.

गुरुवारी शाळेत दाखले लिहीत होते तेव्हा उजवीकडून कुणीतरी फ्लॅश मारल्यासारखं झालं. मी दोनदा वळून बघितलं. कुणी नव्हतं. संध्याकाळी दिलीपनी विचारलं, डोळा का चोळतेस. झोप झाली नाही, असं मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी तोंड धुताना आरशात बघितलं तर उजव्या डोळ्याच्या नजरेत खालून, नाकाच्या बाजूनं, एक काळी सावली वर आलेली. डावा डोळा झाकला की ती ठळक व्हायची, उघडला की विरून जायची. मी चार-पाच वेळा करून बघितलं. हे कॅमेऱ्याचं नाही हे मला तिथे, बेसिनसमोर, कळलं. शुक्रवारी सकाळी कळलं होतं, हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस कुणाजवळ बोलले नाही.

आणि मी ठरवलं की सोमवारी जाऊ. कारण कुंपणाचा फोटो अजून झाला नव्हता. डॉक्टर डोळ्यात थेंब घालतात, मग दिवसभर धड दिसत नाही, फोटो कसा काढणार. दिलीपना सांगितलं असतं तर ते कामावर न जाता त्याच मिनिटाला मला घेऊन निघाले असते. म्हणून सांगितलं नाही. एवढं सरळ कारण होतं.

शनिवारची शाळा सकाळची. सुटल्यावर मी त्र्यंबक रोडला लागले. एव्हाना सावली अर्ध्यावर आली होती, व्ह्यूफाइंडरमधली चौकट खालून काळी. मान वाकडी करून, डोळा फिरवून फिरवून मी फोटो जुळवत होते. अंजनेरीच्या पायथ्याला एका वस्तीशेजारी कुंपणाच्या तारेवर धुतलेली गोधडी वाळत घातली होती आणि गोधडीच्या फाटक्या जागेतून एक कोंबडी मुंडकं काढून बघत होती. तो मिळाला. रविवारी दुपारी पाठवला. पाटणकर सरांनी तो आठवड्याचा फोटो म्हणून निवडला. वर्षभरात पहिल्यांदाच माझा निवडला होता.

"केव्हापासून?"

सोमवारी सकाळी चहा देताना उजव्या डोळ्याला दिलीपचा चेहरा दिसेना. कान दिसत होता, खांदा दिसत होता, मध्ये धूसर डाग. मी कप टेबलावर ठेवला असं मला वाटलं, तो कडेवर ठेवला होता. फुटला. मग सांगितलं की डोळ्याला काहीतरी होतंय.

कॉलेज रोडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. थेंब, वाट बघणं, परत थेंब, परत वाट बघणं. डॉक्टर बाई ऋतुजापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. कपाळावर दिवा लावून त्यांनी बराच वेळ डोळा तपासला. वर बघा, खाली बघा, नाकाकडे बघा. मग दिवा बंद करून विचारलं, "केव्हापासून होतंय?"

दिलीप शेजारी माझी पर्स धरून उभे होते. मी म्हणाले, "काल संध्याकाळपासून."

त्यांनी परत विचारलं. एका दिवसात एवढं? आधी ठिपके, चमकणं, काहीच नव्हतं? मी नाही म्हणाले. त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग त्यांनी कागदावर डोळा काढून दाखवला. आतला पडदा भिंतीवरच्या ओल्या कागदासारखा सुटत आलाय. ज्या मधल्या भागानं आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तोसुद्धा सुटलाय. तो चिकटलेला असताना पेशंट आला तर, म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच सोडलं. उद्या सकाळी ऑपरेशन. दिलीपनी विचारलं, पूर्ण दिसेल ना. त्या म्हणाल्या, "पडदा जागेवर बसवणं माझं काम. किती दिसेल ते आज मी सांगितलं तर ते खोटं होईल."

बाहेर येऊन दिलीपनी ऋतुजाला फोन लावला. घाबरू नकोस, म्हणाले, आम्ही कळलं त्याच दिवशी आलो म्हणून बरं. मी शेजारी बसून ऐकत होते. माझ्या फोनवर नव्या आठवड्याचा विषय येऊन पडला होता. आकाश.

पालथं

ऑपरेशनमध्ये पूर्ण भूल देत नाहीत. डोळा बधिर करतात, तोंडावर कापड टाकतात आणि आपण जागे असतो. त्या डोळ्याला आतली हत्यारं हलताना सावल्यांसारखी दिसतात, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगून ठेवते. दुखत नाही. पण भीती वाटते, आणि हलायची चोरी असल्यामुळे ती भीती कुठे ठेवायची ते कळत नाही. एक सिस्टर माझा हात धरून होत्या. त्यांचा चेहरा मी शेवटपर्यंत पाहिला नाही.

शेवटी डोळ्यात गॅसचा फुगा सोडला. फुगा पडद्याला आतून दाबून धरतो. तो योग्य जागी राहावा म्हणून दहा दिवस पालथं. झोपताना पालथं, बसताना मान खाली, जेवताना मान खाली, बाथरूमला जाताना मान खाली. ऐकताना हे सोपं वाटतं. पहिल्या दोन तासांत मानेला कळ लागली. संध्याकाळपर्यंत मला कुणालातरी मारावंसं वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर हिराबाई होत्या. पेठ तालुक्यातल्या, दिंडोरीला द्राक्षाच्या कामाला आलेल्या. मांडवाची तार सुटून टोक डोळ्यात गेलं होतं, टाके घातले होते. सोबत नणंद होती. भेटायला येणारा जो तो माझ्या पाठीशी बोलत होता. डॉक्टर, दिलीप, फोनवरची ऋतुजा, सगळे वरून कुठून तरी बोलत. हिराबाई मात्र उठून माझ्या खाटेजवळ फरशीवर मांडी घालून बसल्या, म्हणजे खाली बघताना मला त्यांचं तोंड दिसेल. पाण्याचा पेला खालून धरला, नळी माझ्या ओठाशी आणली.

मी त्यांना विचारलं, तुमच्या डोळ्याचं काय म्हणाले. "नाय दिसायचा म्हनले. उजेड-अंधार कळंल तेवढा." इतकं सरळ सांगितलं. मी रडायला लागले, त्यांच्यासाठी की माझ्यासाठी कोण जाणे. त्या म्हणाल्या, "रडू नका ताई, पानी सांडतं डोळ्याचं. डॉक्टर वरडतील."

मला सोडलं त्या सकाळी त्या तपासणीला गेल्या होत्या. निरोप घ्यायचा राहिला. नंतर दवाखान्यात विचारलं, पण पेशंटचा पत्ता असा देत नाहीत, आणि बरोबरच आहे ते.

परातीतलं आकाश

घरी दिलीपनी रजा टाकली. जेवणाच्या टेबलाच्या कडेला उश्या रचून कपाळ टेकायची जागा केली. ऋतुजा चार दिवस आली आणि परत गेली. स्वयंपाक, माझे केस धुणं, दिवसातून सहा वेळा थेंब, सगळं दिलीप करत होते, आणि मी त्यांच्यावर खेकसत होते. भाजीत मीठ कमी, पंखा जास्त, पावलांचा आवाज फार.

भेटायला येणाऱ्यांनी तर जीव नकोसा केला. मोबाईलनं होतं हे. गाजराचा रस घे. मध घाल डोळ्यात. माझी मोठी जाऊ म्हणाली, फोटोचं एवढं खूळ बरं नाही या वयात. मी टेबलाखालच्या फरशीकडे बघत होते. त्यावर दिलीप म्हणाले, "फोटोचा काही संबंध नाही, वहिनी. कुणालाही होतं. आम्ही त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो." आलेल्या प्रत्येकाला ते हे सांगत होते. माझी बाजू घेऊन, दर वेळी त्याच शब्दांत.

पाटणकर सरांचा निरोप आला होता की आजारपणात सूट आहे, साखळी तुटली असं धरणार नाही. मला ते झोंबलं. सूट कशाला. शनिवारी मी दिलीपना म्हणाले की गॅलरीत परातीत पाणी भरून ठेवा. मान खाली घालून आकाशाचा फोटो काढायचा तर तोच एक मार्ग होता.

दिलीपनी हातातलं भांडं खाली ठेवलं. "त्या फोटोचं नाव काढू नकोस," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मग मीच भिंतीला धरून परात नेली, तांब्यानं पाणी घातलं, निम्मं फरशीवर सांडलं. गुडघे टेकून, मोबाईल हातात घेऊन, डाव्या डोळ्यानं बघायला लागले. पाण्यात आकाश होतं, पण मधोमध माझंच तोंड. डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी, सुजलेला गाल, विस्कटलेले केस. सरकले तर कपड्यांची दोरी मध्ये. आणखी सरकले तर आकाशच गेलं. शनिवार त्यात गेला. रविवारी परत तेच. ओल्या फरशीवर माझा हात घसरला तेव्हा दिलीप आतून आले, म्हणाले, "पडशील. सरक." त्यांनी परात वीतभर पुढे ढकलली, एका बाजूला चपलेचा आधार देऊन तिरकी केली. माझं तोंड पाण्यातून गेलं.

फोटो वाईट होता. परातीची कड, पांढुरकं आकाश, एक वायर. पण ग्रुपवर त्याला कुणाच्याच फोटोला कधी मिळालं नव्हतं एवढं कौतुक मिळालं. सलाम ताई, जिद्द, हात जोडलेले, फुलं. दिलीपनी सगळं वाचून दाखवलं. मला फोन फेकून द्यावासा वाटला.

परत

पाच आठवडे गेले. फुगा लहान होत होत विरला. त्या काळात मी घरातल्या घरात विषय उरकले. दरवाजा, गोल, जुनं, आणि आणखी एक मला आठवतसुद्धा नाही. डोळ्याला कडेकडेनं बरं दिसायला लागलं होतं. सत्तेचाळिसाव्या आठवड्यातल्या तपासणीला मी जवळजवळ आनंदात गेले.

डॉक्टरांनी दिवा लावला, बघितलं, परत बघितलं. पडदा पुन्हा सुटला होता. काही डोळ्यांत आत व्रणासारखं धरतं आणि ते पडद्याला ओढतं, म्हणाल्या. पडदा जास्त दिवस सुटलेला असेल तर हे होण्याची शक्यता वाढते. मग त्यांनी फाईलमधलं पहिलं पान बघितलं. माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत राहिले.

दुसरं ऑपरेशन झालं. या वेळी गॅसऐवजी तेल भरलं आणि पुन्हा पाच दिवस पालथं. सगळं पहिल्यासारखंच, फक्त आता काय काय होणार ते माहीत होतं, त्यामुळे जास्त वाईट. त्या रविवारी सात वाजले तेव्हा मी टेबलावर कपाळ टेकून बसले होते. सेहेचाळीस आठवड्यांनंतर साखळी तुटली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, खाली कुणीतरी गाडी लावली. बाकी काही झालं नाही. या एवढ्यासाठी मी शुक्रवार, शनिवार आणि रविवार घालवले होते.

दुसऱ्या दिवशी दिलीपचे कारखान्यातले सहकारी येऊन गेले. दारात त्यांना दिलीप म्हणाले, काय करणार, आम्ही त्याच दिवशी गेलो होतो, पण नशीब. दार लावून ते थेंबांची बाटली घेऊन आले. मला त्यांची पावलं दिसत होती, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. मी त्या पावलांना सांगितलं. मंगळवारचे ठिपके, गुरुवारचा फ्लॅश, शुक्रवारची सावली. शनिवारी मी कुठे गेले होते ते. डॉक्टरांना काय सांगितलं ते.

पावलं तशीच उभी होती. मग बाटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि दिलीप बाहेर निघून गेले. दोन-अडीच तासांनी आले, भाजी घेऊन. त्यानंतर तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. थेंब मात्र एकदाही चुकले नाहीत. येऊन म्हणायचे, "डोकं उचल." थेंब घालायचे, जायचे. दिवसातून सहा वेळा तेच दोन शब्द.

चौथ्या दिवशी थेंब घालून झाल्यावर गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. "मला सांगायची भीती वाटावी असा माणूस आहे का मी?"

खोटं बोलून बरं वाटेल असं काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हणाले, "तुमची भीती नव्हती. तुम्ही जाऊ दिलं नसतं, त्याची होती."

ते म्हणाले, "नसतंच जाऊ दिलं." थोड्या वेळानं म्हणाले की गुरुवारी मी डोळा चोळताना दिसले तेव्हा परत एकदा विचारायला हवं होतं. मग म्हणाले, नाही, ते काही नाही, चूक तुझीच आहे. मी हो म्हणाले. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना खरा वार सांगितला. त्यांनी जुनं खोडलं, नवं लिहिलं, आणि दिवा लावून डोळा तपासायला घेतला. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

वाकडं

पावसाळ्यात तेल काढलं. पडदा आता जागेवर आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की याच्यापुढे फार सुधारणा होणार नाही. उजव्या डोळ्याला मोठी अक्षरं दिसतात, तीही लाटेवर ठेवल्यासारखी. दाराची चौकट मध्येच वाकलेली. विजेचा खांब कमरेत मोडलेला. समोरच्या माणसाचं नाक एका बाजूला. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर डावा निभावून नेतो, पण अंतर कळत नाही. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो. गोदाघाटाच्या पायऱ्या सगळ्या एकच उतार असल्यासारख्या दिसतात, तिथे मी एकदा चांगली आपटले. शाळेत फॉर्म तपासायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. लोक म्हणतात, डोळा वाचला ना, झालं. त्यांना मी हो म्हणते. आतून झालं नाही.

कॅमेरा डाव्या डोळ्याला लावायला शिकावं लागलं. नाक मागच्या स्क्रीनवर दाबलं जातं, काच वाफेनं भरते, अंगठा भलतीच बटणं दाबतो. वर्षानुवर्षं उजव्या डोळ्यानं चौकट जुळवलेली, आता हात एकीकडे आणि नजर एकीकडे. नव्या फेरीत मी पुन्हा नाव दिलं होतं आणि सुरुवातीचे महिने जे फोटो पाठवले ते आज बघवत नाहीत. तरी ग्रुपवर प्रत्येकाला फुलं आणि हात जोडलेले. शेवटी मी चिडून लिहिलं की फोटो वाईट असेल तर वाईट म्हणा, मला डोळ्याचा आजार झालाय, मी वारले नाही.

दिवसभर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी पाटणकर सरांचा फोन आला. नेहमीसारखे घसा खाकरून म्हणाले, "मनीषाताई, गेले चार आठवडे तुमचं क्षितिज डावीकडे उतरतंय. सांगायचा धीर होत नव्हता." मग अर्धा तास त्यांनी माझ्या फोटोंची चिरफाड केली. मी वाद घातला. आजारी पडल्यापासून इतकं बरं मला वाटलं नव्हतं.

थवा

डॉक्टरांनी बजावलं होतं की एका डोळ्याला झालं की दुसऱ्यालाही होऊ शकतं. गेल्या हिवाळ्यात थवा असा विषय होता. आठवडाभर काही जमलं नव्हतं, म्हणून रविवारी पहाटे नांदूर मध्यमेश्वरला गेलो. हल्ली दिलीप सोबत येतात. त्यांना फोटोत रस नाही, ते ट्रायपॉड धरतात आणि थर्मासमधला चहा पितात. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. बदकांचा मोठा थवा उठण्याच्या बेतात होता, मी डावा डोळा लावून श्वास धरून बसले होते.

डाव्या बाजूला चमकलं. मी डोळा मिटला, उघडला. परत चमकलं.

थवा अजून उठला नव्हता. आणखी पाच मिनिटं थांबलं असतं तर उठला असता. हे माझ्या मनात आलं, आणि ते आलं याचा मला संताप आला. मी म्हणाले, "अहो, डाव्या डोळ्यात चमकतंय. दोनदा झालं."

दिलीपनी घड्याळ बघितलं, ट्रायपॉड मिटला, चहा जमिनीवर ओतून टाकला. मी कॅमेरा गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिला. मागे पाण्यावरून पंखांचा मोठा आवाज झाला, तेव्हा आम्ही गाडीकडे चालत होतो.

रविवार असूनही डॉक्टर आल्या. केव्हापासून, त्यांनी विचारलं. मी आणि दिलीप एकदमच म्हणालो, "सव्वासातपासून." पडद्याला बारीकसं छिद्र पडलं होतं, पडदा अजून जागेवर होता. लगेच लेझर करून छिद्राच्या कडा चिकटवल्या. वेळेवर आलात, म्हणाल्या. दिलीप खिडकीबाहेर बघत होते, रुमाल काढून चष्मा पुसत.

घरी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. थेंबांमुळे डोळ्यात नुसता उजेड भरला होता. दिलीपनी पडदे ओढले, वरणभात कालवून दिला. सात वाजायला पुष्कळ वेळ होता, पण त्या रविवारी मी फोटो पाठवला नाही. सात वाजले तेव्हा मी गाढ झोपले होते.